घोड्याचा स्वभाव भोवऱ्यात नसतो

दिवाळीच्या आसपास अकलूजचा घोडेबाजार भरतो आणि मग कितीतरी दिवस मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ फिरत राहतात. अमक्या लाखाचा नुकरा (पांढराशुभ्र घोडा), तमक्या लाखाचा काळाभोर मारवाडी. त्या व्हिडिओंत गिऱ्हाईक काय तपासतं ते नीट पाहा. पहिली नजर जाते भोवऱ्यांवर, म्हणजे अंगावरच्या केसांच्या गोल वळणांवर; त्यांवरून घोडा मालकाला शुभ की अशुभ ते ठरवतात. कपाळावर एक की दोन, गळ्याखाली देवमण हा शुभ भोवरा आहे का, डोळ्याखाली भोवरा तर नाही ना. दात त्यानंतर, पाय त्याहून नंतर. हा घोडा आजवर कुणाच्या दारात होता, काय काम करत होता, आईपासून कधी तोडला, हे कुणी फारसं विचारतच नाही. घरात चारच जनावरं असतील आणि त्यांच्या पायांत पोरं खेळत असतील, तर विचारायचं ते हेच.

भोवरा म्हणजे केस उगवण्याच्या दिशेची गाठ. ती गर्भातच ठरते. कातडी आणि मज्जासंस्था या दोन्ही गर्भाच्या एकाच बाहेरच्या थरातून घडतात, म्हणून कपाळावरच्या भोवऱ्याची जागा आणि जनावराचं बुजणं यांचा काही संबंध आहे का, हे गाई-बैलांत आणि घोड्यांत तपासून झालं आहे. काही ठिकाणी थोडा संबंध दिसतोही. पण तो जनावराच्या बुजण्याशी. मालकाच्या बरकतीशी किंवा घरातल्या मृत्यूशी नाही. उलट घडतं ते असं: ‘अशुभ’ ठरलेला घोडा पडत्या भावात विकला जातो, हातोहात फिरतो, प्रत्येक नवा मालक त्याला पहिल्या दिवसापासून अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) आवळून, धाकात ठेवतो. चार मालकांनंतर तो खरोखर लाथ मारतो. मग लोक म्हणतात, बघा, भोवरा खरा ठरला. ती लाथ माणसांनीच शिकवलेली असते.

मग स्वभाव मोजायचा कसा? फ्रान्समधल्या संशोधक लेआ लान्साद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या स्वभावाचे पाच धागे वेगळे काढले: बुजरेपणा, सोबतीची ओढ, माणसाबद्दलची प्रतिक्रिया, अंगातली चळवळ आणि स्पर्शाची जाण. शिंगरू आठ महिन्यांचं असताना तपासलं आणि पुढे दीड-अडीच वर्षांचं झाल्यावर पुन्हा तपासलं, तरी या गोष्टी बऱ्याच अंशी तशाच राहिल्या. महत्त्वाचं म्हणजे हे धागे एकमेकांना बांधलेले नाहीत. बुजरा घोडा माणसाळलेला असू शकतो. ताडपत्रीला न घाबरणारा घोडा सोबती नजरेआड होताच घामाघूम होऊ शकतो. ‘तापट’ हा एकच शब्द म्हणूनच कुचकामी आहे.

माळशिरस तालुक्यातल्या एखाद्या मळ्यावरचा कळप डोळ्यांसमोर आणा. वरातीच्या कामातून सुटलेली पांढरी घोडी, तिचं पाच महिन्यांचं शिंगरू, तीन वर्षांचा मारवाडी घोडा आणि धनगराकडून घेतलेलं भिमथडी तट्टू. (भीमेच्या खोऱ्यातल्या या काटक जातीची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच नोंद केली.) गावात सांगतील की मारवाडी गरम आणि तट्टू गरीब. जातींच्या सरासरीत फरक असतो, पण एकाच जातीतल्या दोन घोड्यांतला फरक त्याहून मोठा निघू शकतो. तेव्हा जात बाजूला ठेवा आणि स्पर्शापासून सुरुवात करा. पाचांतला हा धागा सगळ्यात दुर्लक्षित आहे आणि घरी सगळ्यात सोपा मोजता येतो.

घोड्याच्या कातडीखाली, खांद्यापासून बरगड्यांवर पसरलेला एक पातळ स्नायू असतो. अंगावर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, ती याच्यामुळे. किती हलक्या स्पर्शाला ही थरथर येते, ते प्रत्येक घोड्यात वेगळं असतं. ते मोजायला जे साधन वापरतात त्याची कल्पना माक्स फॉन फ्राय या शरीरशास्त्रज्ञाची, १८९० च्या दशकातली. त्यांनी सुरुवातीला प्राण्यांचे केसच वापरले होते. आज नायलॉनचे तंतू वापरतात. मागचं गणित सुंदर आहे. तंतू कातडीवर उभा टेकवून दाबला की ठराविक जोरापर्यंत तो सरळ राहतो आणि त्यापुढे वाकतो. एकदा वाकला की हात थोडा पुढे-मागे झाला तरी कातडीवर पडणारा जोर जवळपास तोच राहतो. म्हणजे हात कुणाचाही असो, स्पर्श सारखा. हा जोर तंतूच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. जाडी दुप्पट, तर जोर सोळापट. लांबी दुप्पट, तर जोर पाव.

घरी करायचं तर मासेमारीचा नायलॉनचा दोरा घ्या, एक ०.२ मिलिमीटरचा आणि एक ०.४ मिलिमीटरचा. दोन्हींचे तुकडे काडीच्या टोकाला काटकोनात चिकटवा, बाहेर बरोबर ४ सेंटिमीटर राहतील असे. ढोबळ हिशेबाने पहिला पाव ग्रॅमच्या आसपास दाब देतो आणि दुसरा चार ग्रॅमच्या. वेळ पहाटेची, वारा नसताना, माश्या उठायच्या आधीची. घोडा ओळखीच्या जागी, सोबती नजरेसमोर, अंग कोरडं आणि खरारा होऊन निदान तासभर झालेला. मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या मधल्या उंचवट्याच्या किंचित खाली दोरा उभा टेकवा, वाकेपर्यंत दाबा, एक-दोन सेकंद धरा, काढा. डावीकडे तीनदा, उजवीकडे तीनदा, मधे अर्धा मिनिट जाऊ द्या. थरथर आली की एक खूण. बारीक दोऱ्याला सहापैकी पाच-सहा वेळा थरथरणारा घोडा फार जाणता; जाड्या दोऱ्यालाही क्वचितच थरथरणारा जाड कातडीचा.

इथे चुका होतात त्या ठरलेल्या. घोड्याला हात येताना दिसला तर तो स्पर्शाआधीच आकसतो. म्हणून दुसरा हात आधीपासून पाठीवर स्थिर ठेवा. उन्हाळ्यात घामाने केस चिकटतात आणि दोरा घसरतो. दोरा उन्हात तापला की मऊ होतो, आधीच वाकतो आणि जोर कमी पडतो. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी घेतलेलं माप जानेवारीच्या मापाशी ताडू नका.

आता याचा उपयोग. टाच लावली की घोडा निघतो, तो टाचेमुळे शिकत नाही. निघताच टाच सुटते, त्या सुटण्यामुळे शिकतो. सुटका त्याच क्षणी मिळाली तर दोन्हींची सांगड बसते. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर त्या वेळी तो जे करत असेल, मान झटकणं असो की उडी, त्याचं बक्षीस ठरतं. जाणत्या कातडीच्या घोड्याला नवशिक्याची सतत चिकटलेली पोटरीही सततचा हुकूम वाटते. तो पळतो, लगाम ओढला जातो, पुढून थांब आणि मागून चल असे दोन हुकूम एकाच वेळी येतात, आणि घोडा दोन पायांवर उभा राहतो. हाच तो ‘डोक्यात गेलेला मारवाडी’. उलट जाड कातडीच्या तट्टाला दर पावलाला टाच मारत राहिलं की मज्जासंस्था त्या निरर्थक स्पर्शाची दखल घेणं सोडते. मग काठी येते. एकाला आठवडाभर पाय सैल सोडून चालवा, दुसऱ्याला टाच एकदाच, पण नेमकी लावा आणि लगेच सोडा. दोघांचे ‘स्वभाव’ बदललेले दिसतील; कातडी मात्र तीच असेल.

वरातीच्या घोडीचं प्रकरण वेगळं आहे. ढोल-ताशा, फटाके, डीजे यांत ती दगडासारखी उभी राहते आणि लोक म्हणतात किती शांत आहे. शांत झालेला घोडा आणि मिटलेला घोडा यांत फरक आहे. शांत घोड्याचे कान फिरत असतात, खालचा ओठ सैल असतो, चाऱ्याकडे लक्ष असतं. मिटलेल्या घोड्याची मान पाठीच्या रेषेत ताठ लांबलेली, डोळे उघडे पण नजर न हलणारी, कान मागे थिजलेले, आणि आजूबाजूला काही झालं तरी दखल नाही. फ्रेंच संशोधकांनी २०१२ साली ही ठेवण नैराश्यासारख्या अवस्थेशी जोडून दाखवली. अशी घोडी घरी आणली की पहिले काही आठवडे ती ‘गुणी’ वाटते. खाऊन-पिऊन, सोबतीत राहून ती जागी होते तेव्हा बुजू लागते, चावायलाही येते. ही सुधारणा असते. या टप्प्यावर तिला परत विकू नका. रिंगणातले अश्व गजरात कसे धावतात, असा प्रश्न इथे येतोच. तिथे मोकळी वाट असते, पुढे धावायचं असतं आणि अश्व एकटा नसतो, दोन असतात. बांधून ठेवून कानाशी ताशा वाजवण्याशी त्याची तुलना होत नाही.

घोड्याचा भूतकाळ त्याच्या अंगावरही लिहिलेला असतो. पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे जुना व्रण: दाबाने रक्तपुरवठा तुटला, केसाच्या मुळातल्या रंगपेशी मेल्या, पुन्हा आलेला केस पांढरा. खुराच्या वरच्या भागात तसंच पांढरं कडं असेल तर पिछाडीचा दोर. ओठांच्या कोपऱ्यात जाड पांढरट कातडी म्हणजे काटेरी लगाम. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी तो बंद आहे, तरी सर्रास दिसतो. वरच्या पुढच्या दातांची बाहेरची कड झिजलेली असेल तर दावणीवर दात टेकवून हवा ओढण्याची खोड. पक्के दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने येतात, पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यानंतर सांगितलेल्या वयावर फार विसंबू नका.

हवा ओढण्याची खोड बहुतेकदा आईपासून तोडण्याच्या सुमारास लागते. इंग्लंडमध्ये शिंगरांचा काही वर्षं मागोवा घेतला, तेव्हा तोडल्यानंतर धान्य-खुराक मिळालेल्यांत ही खोड लागण्याचं प्रमाण चौपट दिसलं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं आणि त्याला उतारा लाळेचा, जी चावल्याशिवाय सुटत नाही. चंदी (धान्याचा खुराक) पाच मिनिटांत संपते. कडबा आणि वाळलेलं गवत तासन्‌तास चावावं लागतं. घोडी आपणहून नऊ-दहा महिन्यांनी शिंगराला दूर करू लागते. आपल्याकडे चार-पाच महिन्यांत एका रात्रीत दोर कापतात. तोडायचंच असेल तर सहा महिन्यांआधी नको, शेजारी दुसरं ओळखीचं मोठं जनावर राहू द्या आणि वैरण रात्रीसुद्धा संपू देऊ नका. ज्वारीचा कडबा चालेल, पण कोवळी हिरवी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी नको. तिच्यात सायनाइड तयार होतं.

शिंगरू माणसाळवायचं तर जन्मतःच त्याला धरून, दाबून अंगभर हात फिरवण्याची एक पद्धत परदेशातून आली आहे. तिचा टिकाऊ फायदा दिसत नाही. त्यापेक्षा फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या संशोधकांचा २००५ चा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे: शिंगरू जन्मल्यावर पहिले पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं, फक्त घोडीला हळुवार ब्रश करायचा आणि हाताने खाऊ घालायचं. शिंगराला हातसुद्धा लावायचा नाही. ही शिंगरं वर्षभरानंतरही माणसाजवळ जास्त सहज आली. आई माणसाजवळ कशी उभी राहते, ते बघून शिंगरू माणसाची किंमत ठरवतं. म्हणून कळपातल्या वरातीच्या घोडीला वर्षभर आधीच धीर येऊ देणं ही तिच्या पुढच्या शिंगराच्या स्वभावातली गुंतवणूक असते.

नवा घोडा आणला तर आधी तीन आठवडे वेगळा, बादली-तोबरा-खरारा वेगळा, आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. हा रोग माणसालाही होतो. मग आठवडाभर मजबूत कुंपणाआड, एकमेकांना दिसतील असे. मागच्या पायांचे नाल काढून, कोपरे नसलेल्या मोकळ्या रानात, आधी कळपातल्या सगळ्यात कमी भांडणाऱ्या जनावराबरोबर सोडा. वैरणीचे ढीग घोड्यांपेक्षा एक जास्त, दोन ढिगांत निदान दोन घोड्यांची लांबी. कोण मोठा हे लाथेवरून नाही, कोण वाट सोडतं त्यावरून ओळखा. नुसता कान मागे गेला आणि समोरचा सरकला की हिशेब मिटला. दोघं एकमेकांच्या मानेचं मूळ दातांनी खाजवू लागले की जोडी जमली. त्या जागी माणसाने खाजवलं तरी हृदयाचे ठोके सुमारे दशांशाने उतरतात, हे १९९३ मध्ये फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर मोजलं गेलं.

शेवटची तपासणी झोपेची. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास आडवं व्हावंच लागतं, आणि बिचकलेला घोडा आडवा होत नाही. सकाळी अंगाला माती किंवा पाचट चिकटलेलं दिसलं तर तो झोपला. आठवडे उलटले तरी अंग स्वच्छच, आणि पुढच्या पायांचे सांधे समोरून खरचटलेले असतील तर तो उभ्याउभ्या झोपेत कोसळतो आहे. मार कुठे लागला हे शोधण्याआधी आखूड दोर, टणक फरशी आणि शेजारी बांधलेला वरचढ घोडा, या तीन गोष्टी बदलून बघा.