मॅडोनाची संथ गाणी आणि १९९५ चा अल्बम

नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकी गायिका मॅडोनाचा 'समथिंग टू रिमेंबर' हा अल्बम आला. मुखपृष्ठावर पांढऱ्या पोशाखात भिंतीला टेकून उभी असलेली ती. आत चौदा संथ गाणी, बहुतेक जुनीच.

हा संग्रह तेव्हाच का आला, हे कळायला तीन वर्षं मागे जावं लागतं. ऑक्टोबर १९९२ मध्ये तिचं 'सेक्स' हे छायाचित्रांचं पुस्तक आणि 'इरॉटिका' हा अल्बम पाठोपाठ आले आणि टीकेचं मोहोळ उठलं. मार्च १९९४ मध्ये डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात तिने शिव्या दिल्या, त्याचीही चर्चा महिनोन् महिने चालली. एवढ्या वादांत माझ्या संगीताकडे फारसं कुणी पाहिलंच नाही, असं तिने या अल्बमसोबतच्या टिपणात लिहिलं. मला ही तक्रार रास्त वाटते.

१९८६ चं 'लिव्ह टू टेल' ऐका. गाण्याच्या मध्यावर ताल थांबतो, खालचा एक सूर तेवढा घुमत राहतो आणि त्यातून तिचा आवाज हळूच वर येतो. सहसंगीतकार पॅट्रिक लेनर्डने सांगितलंय, की डेमोसाठी, म्हणजे कच्च्या मुद्रणासाठी, ती एकदाच गायली आणि तोच आवाज शेवटपर्यंत ठेवला. असं गाणाऱ्या बाईची ओळख फक्त कपड्यांवरून आणि भांडणांवरून व्हावी, याचं वाईट वाटतं.

शिवाय यातली काही गाणी विखुरलेली होती. 'क्रेझी फॉर यू' (१९८५), 'धिस यूज्ड टू बी माय प्लेग्राउंड' (१९९२) आणि 'आय'ल रिमेंबर' (१९९४) ही तिन्ही चित्रपटांसाठी केलेली. तिच्या एकाही स्टुडिओ अल्बममध्ये ती नव्हती. 'प्लेग्राउंड' तर ज्या चित्रपटासाठी केलं, त्याच्या साउंडट्रॅकमध्येही नव्हतं.

दुसरा धागा 'एविटा' या संगीतमय चित्रपटाचा. १९९४ च्या अखेरीस तिने दिग्दर्शक अ‍ॅलन पार्करला हाताने लिहिलेलं लांबलचक पत्र पाठवलं, सोबत 'टेक अ बो'चा व्हिडिओ. भूमिका मिळाल्यावर तिने जोन लेडरकडे आवाजाची तालीम सुरू केली. सप्टेंबर १९९५ मध्ये संगीत निर्माता डेव्हिड फॉस्टरबरोबर 'यू'ल सी' आणि 'वन मोअर चान्स' ही नवी गाणी झाली. ऑक्टोबरमध्ये ती 'एविटा'च्या ध्वनिमुद्रणासाठी लंडनच्या स्टुडिओत होती. त्यामुळे हा संग्रह मागे वळून पाहणारा असला, तरी पुढच्या कामाची चाहूल त्यात आहेच.

निवडीत एक गाणं वेगळं आहे. 'ओ फादर' हे प्रेमगीत नव्हे. मॅडोना पाच वर्षांची असताना आई गेली. त्यानंतरचं घर आणि वडील त्या गाण्यात आहेत. ते संपलं, की सुरुवातीचं 'आय वाँट यू' पुन्हा लागतं, या वेळी वाद्यवृंदाच्या साथीने.