बायनॉक्युलर शोधायला, स्कोप निरखायला

"आठपटीची बायनॉक्युलर आहेच, आता साठपटीचा स्पॉटिंग स्कोप घेतो, म्हणजे आणखी लांबचे पक्षी दिसतील." हिवाळा आला, उजनीच्या पाण्यावर भिगवणला पक्षी बघायच्या सहली ठरू लागल्या की पक्षी बघणाऱ्यांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर बसवून एका डोळ्याने बघायची लांब नळी. मग कोणी ब्रँड सुचवतं, कोणी सेकंडहँड स्कोपचा फोटो दाखवतं, आणि मूळ समज तसाच राहतो, की स्कोप म्हणजे जास्त ताकदीची बायनॉक्युलर. या समजुतीवर घेतलेले स्कोप दोन-चार फेऱ्यांनंतर कपाटात पडून राहतात. पैसे जातात ते जातातच. त्याहून वाईट म्हणजे माणसाला वाटतं की आपल्यालाच काही जमत नाही.

गोंधळ वाढायला भाषेचाही हातभार आहे. आकाशातले ग्रह बघायची ती दुर्बीण, गळ्यात अडकवतो तीही दुर्बीण, आणि डॉक्टर पोटात घालून बघतात तीसुद्धा दुर्बीणच. म्हणून इथे सरळ बायनॉक्युलर आणि स्कोप हेच शब्द वापरतो. त्यात 'स्पॉटिंग' हे नाव आणखी फसवं. नेमबाजीच्या मैदानावर गोळी निशाण्याच्या कागदावर नेमकी कुठे लागली, ते बघायला अशी नळी वापरतात. कागद जागचा हलत नाही, आणि तो कुठे लावलाय हे आधीच माहीत असतं. पक्ष्यांच्या बाबतीतही स्कोपला याच दोन गोष्टी लागतात: पक्षी आधी सापडलेला हवा, आणि तो थोडा वेळ तरी एका जागी थांबणारा हवा.

बायनॉक्युलर तुमच्या हातातली आहे, तिच्याबद्दल फार सांगत नाही. ८×४२ मध्ये ८ म्हणजे पट आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. स्कोपवर बहुधा २०-६०×८० असं लिहिलेलं असतं. म्हणजे वीसपासून साठपटीपर्यंत झूम आणि ८० मिलिमीटरचं भिंग. एक डोळा की दोन डोळे, पाऊण किलो की ट्रायपॉडसकट चार-पाच किलो, हे फरक कोणालाही दिसतात. पाणी आत न शिरणं, बुरशी न धरणं, कोकणातल्या हवेनंतर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवणं, हे दोन्हींना सारखंच लागू. मोनोक्युलर नावाचा तिसरा प्रकार म्हणजे अर्धी बायनॉक्युलर. त्याला स्कोप समजू नका.

आता पट. सगळे अडखळतात ते इथेच. पटीचा हिशेब अगदी सोपा आहे: अंतराला पटीने भागा. ४० मीटरवरचा पक्षी आठपटीतून ५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. ३०० मीटरवरचा पक्षी साठपटीतून तसाच ५ मीटरवर असल्यासारखा. इथवर सगळ्यांना समजतं आणि इथेच सगळे थांबतात. पट वाढवताना तीन गोष्टी हातातून जातात, त्या हिशेबात धरल्याच जात नाहीत.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दिसणारं वर्तुळ. चांगल्या ८×४२ मधून साधारण ८ अंशांचं दृश्य दिसतं. १०० मीटरवर ते १४ मीटर रुंद भरतं. अख्खी एसटी आडवी उभी राहून वर जागा उरेल. स्कोप विसावर ठेवला तर दोन अंशांच्या आसपास, म्हणजे साडेतीन मीटर. साठावर नेला की जेमतेम एक अंश, म्हणजे पावणेदोन मीटर, उभ्या माणसाच्या उंचीएवढं. आता समोर पाणकणसाचा पट्टा आहे आणि त्यातून काहीतरी उडालं. ताशी ४० किलोमीटरने आडवा जाणारा पक्षी सेकंदाला ११ मीटर कापतो. बायनॉक्युलरच्या वर्तुळात तो सव्वा सेकंद असतो. तेवढ्यात पंखावरची पांढरी पट्टी, शेपटीचा आकार, उडण्याची ढब डोळ्यांत भरते आणि हात आपसूक त्याच्यामागे वळतो. साठपटीच्या वर्तुळातून तो सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात निघून जातो. काहीतरी गेलं एवढंच कळतं. म्हणून स्कोपमधून झाडं चाळत बसलेल्या माणसाला पक्षी मिळत नाही. त्याची नजर चांगलीच असते, तो भोकातून मैदान बघत असतो.

दुसरी गोष्ट स्थिरता. हाताचा कंप पटीइतकाच मोठा होतो. बहुतेकांच्या हातात आठपट स्थिर राहते, दहापट सवयीने जमते, बारापटीपासून टेकू लागतो. तंबू टाकून विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन '३०×६०' असं छापलेल्या खिशात मावणाऱ्या बायनॉक्युलर मिळतात, त्या कृपया घेऊ नका. झूम होणाऱ्या बायनॉक्युलरही नकोत. ती '३०×६०' खरोखर तीसपट असती तर हातात धरून काहीच बघता आलं नसतं, आणि पुढचं भिंग ६० मिलिमीटरचं आहे का ते फूटपट्टी लावून कोणालाही तपासता येतं. त्याहून चांगली तपासणी अशी: बायनॉक्युलर डोळ्यांपासून हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखा. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचा एक छोटा गोल तरंगताना दिसेल. त्याचा व्यास मोजा आणि पटीने गुणा. ८×४२ मध्ये गोल सव्वापाच मिलिमीटरचा यायला हवा. गोल तीनच मिलिमीटरचा निघाला, तर तुमच्या वाट्याला भिंग २४ मिलिमीटरचंच येतंय, बाहेर काहीही छापलेलं असो.

हाच गोल तिसऱ्या गोष्टीचं, उजेडाचं, माप आहे. लोक म्हणतात, स्कोपचं भिंग ८० मिलिमीटरचं, म्हणजे बायनॉक्युलरपेक्षा जास्त उजळ दिसणार. उलट आहे. भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या जाडीची प्रकाशाची शलाका डोळ्यात शिरते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, स्कोप विसावर असताना चार, साठावर फक्त १.३. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे तेव्हा हा फरक सोसवतो. उजाडताना बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते, आणि त्या वेळी साठपटीचं दृश्य ८×४२ पेक्षा चौदा-पंधरा पट मंद पडतं. पक्षी सगळ्यात जास्त हालचाल करतात ती हीच वेळ. त्यातच शलाका इतकी बारीक की डोळा केसभर सरकला तरी चित्र काळं होतं. चष्मेवाल्यांना हा त्रास जास्त. त्यांनी आयकप, म्हणजे डोळ्याकडची रबरी कड, पूर्ण खाली करून बघावं आणि घेण्याआधी झूमच्या दोन्ही टोकांना वर्तुळाची कड दिसते का ते पाहावं.

आणि हवा. दहा वाजले की पाण्यावरची, चिखलावरची हवा तापून थरथरायला लागते. ही थरथर भिंगाच्या पुढे, बाहेर चाललेली असते, त्यामुळे महागातला महाग स्कोपही ती पुसू शकत नाही. पट वाढवली तर पक्ष्याबरोबर थरथरही तेवढीच मोठी होते. म्हणून स्कोप वापरणारा अनुभवी माणूस दिवसातला बराच काळ वीस ते तीस पटीत असतो. साठपट ही गार, स्वच्छ सकाळी, उजेड नीट आल्यावर, मिनिट-दोन मिनिटं वापरायची गोष्ट आहे. रुंद दृश्याची, झूम न होणारी तीसपटीची आयपीस (डोळा लावायचा भाग) मिळत असेल तर ती झूमपेक्षा चांगली.

हे सगळं वाचून स्कोप नकोच असं वाटायला नको. स्कोप जिथे लागतो तिथे त्याला पर्याय नाही. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर जलाशयाच्या काठावर २०० मीटरवर टिलव्यांचा थवा चिखलात चोची मारतोय. बायनॉक्युलरमधून ते सगळे राखाडी ठिपके. स्कोप तीसवर लावला की त्यातल्या एकाचे पाय काळे दिसतात आणि शेजारच्याचे पिवळट. काळ्या पायांचा छोटा टिलवा, पिवळट पायांचा टेमिंकचा टिलवा. चोच बारीक सुईसारखी सरळ की जाड आणि किंचित वर वळलेली, एवढ्यावरून मार्श सँडपायपर आणि ग्रीनशँक हे चिखलातले दोन पक्षी वेगळे होतात. लांबवर उभ्या पक्ष्याची ती चोच स्कोपच दाखवतो. पट्टकदंब हंसाच्या गळ्यात संशोधकांनी घातलेल्या पट्ट्यावरची अक्षरं वाचायची असतील, जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत बदकांचा हजारभराचा थवा एका टोकापासून मोजायचा असेल, तर स्कोपच हवा. आणखी एक, मनापासून सांगण्यासारखं: काठावरून स्कोपमधून रोहित पक्षी पोटभर दिसत असताना त्यांच्या अंगावर बोट नेऊन थवा उडवण्याचं कारण उरत नाही.

पण यातून 'पाण्याला स्कोप, जंगलाला बायनॉक्युलर' असा नियम काढू नका. ढोलीतल्या मादीला भरवायला येणारा धनेश जंगलातच असतो, आणि तो लांबून, ढोलीला त्रास न देता बघायला स्कोप उत्तम. उलट भिगवणच्या बोटीत, भोवती पाणीच पाणी असताना, स्कोप काहीच कामाचा नाही. ट्रायपॉड बोटीबरोबर हलतो आणि बोट नुसत्या माणसाच्या हलण्यानेही डुलते. निरीक्षण मनोऱ्यावर स्कोप लावलात तर बाकीच्यांना दोन मिनिटं चालू नका म्हणून सांगा, फळ्यांचा हादरा सरळ चित्रात येतो. ताम्हिणीत, सिंहगडाच्या दरीत, झाडोऱ्यात शिंजीर आणि वटवट्ये शोधत असाल तर स्कोप घरी ठेवा. ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत वटवट्या तीन फांद्या पुढे गेलेला असतो.

वापरायची रीत एकच आहे आणि ती सोडली की सगळं बिघडतं. आधी बायनॉक्युलरने पक्षी शोधा. डोळ्यांवरून ती काढण्याआधी खूण ठरवा: बाभळीच्या डावीकडे, पांढऱ्या बगळ्याच्या अलीकडे, खांबाच्या सावलीत. स्कोप झूमच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर, म्हणजे विसावर आणा. नळीच्या वरून, बंदुकीसारखी, खुणेवर नजर धरून रोखा. आता डोळा लावा, खूण शोधा, खुणेवरून पक्ष्यावर या. फोकस करा, पक्षी मधोमध आणा, मग पट हळूहळू वाढवा आणि फोकस पुन्हा किंचित जुळवा. पक्षी हरवला तर साठावरच इकडेतिकडे फिरवू नका. परत विसावर या. अपवाद उघड्या चिखलाचा किंवा पाण्याचा. तिथे वीस-पंचवीस पटीत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सावकाश सरकत शोधता येतं, कारण तिथले पक्षी बसलेले असतात आणि मध्ये पानं नसतात.

ट्रायपॉडवर काटकसर करू नका. फोटोचा हलका ट्रायपॉड आणि त्यावर बॉलहेड, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे फिरणारं डोकं, ही जोडी स्कोपसाठी चुकीची आहे. बॉलहेड सैल केलं की नळी एकदम पुढे कलंडते, आणि सरळ रेषेत आडवं सरकवणं जमतच नाही. व्हिडिओसाठी बनवलेलं, दांडा असलेलं, संथ फिरणारं फ्लुइड हेड घ्या. मधला खांब वर काढू नका, उंची पायांनीच घ्या. वारा असेल तर पाय आखूड करून खाली बसा आणि मधल्या खांबाच्या हुकाला पाठपिशवी अडकवा, मात्र ती हेलकावणार नाही इतकी खाली टेकलेली ठेवा.

जागा निवडताना सूर्य बघा, त्याने कोणत्याही भिंगापेक्षा जास्त फरक पडतो. मुंबईतल्या शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी ऊन समोरून येतं आणि रोहित नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. तिथे दुपारनंतर जा. आक्षीसारख्या कोकणातल्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर उलट, सकाळ चांगली. खाडीवर ओहोटीला पक्षी दूर चिखलात विखुरलेले असतात. भरतीचं पाणी चढू लागलं की तेच त्यांना काठाकडे ढकलतं, आणि मग पुष्कळदा बायनॉक्युलरच पुरते. वाळूच्या किनाऱ्यावरून आल्यावर भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने वाळू उडवा, मग मऊ कापड.

तेव्हा पहिली खरेदी ८×४२, आणि जमेल तेवढी चांगली. दहापटीचा मोह आवरा; जंगलात तिचं लहान वर्तुळ रोज जाणवेल. स्कोपचा विचार महिन्यातून दोनदा तरी तलावावर किंवा खाडीवर जात असाल तर करा. गटाने जात असाल तर एक स्कोप सगळ्यांना पुरतो, आणि तो ४५ अंशांत वाकलेल्या आयपीसचा घ्या. सरळ नळीचा स्कोप उंच माणसाच्या डोळ्याला लावला तर बुटक्याला त्यातून काहीच दिसत नाही. वाकलेल्या आयपीसचा स्कोप गटातल्या सगळ्यात लहान मुलाच्या उंचीला लावायचा, मोठी माणसं थोडी वाकतील. मुलांना एवढंच सांगा की आयपीस हातात धरायची नाही, हात पाठीमागे बांधून नुसता डोळा जवळ न्यायचा.