चार दिवसांची वही

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा किंवा कारेलीबागेतल्या कुठल्याही मराठी घराच्या स्वयंपाकघरात जा, फ्रिजशेजारी खिळ्याला कालनिर्णय लटकलेलं असतंच. त्याच्या चौकोनांत काय लिहिलेलं असतं ते कधी नीट वाचलंय? 'दूध २ जादा'. 'गॅस लावला'. 'बाई नाही'. 'धाकटीचा डोस'. 'आई – डोळ्यांचे डॉ. ५ वा.' 'व्हॅनचे पैसे दिले'. घराचा वर्षभराचा कारभार त्या पानांवर असतो आणि अक्षर बहुतेक वेळा एकाच बाईचं असतं. त्या बाईविषयी मात्र एक ओळ सापडत नाही. ती कशावर चिडली, कशानं खूश झाली, याला चौकोनच नाही.

त्यामुळे 'हरवलेली मी परत शोधायची तर आयांनी लिहायला लागावं' हा नेहमी कानावर येणारा सल्ला मला थोडा गमतीशीर वाटतो. त्या लिहितच असतात. स्वतःबद्दल लिहिलं तर खरोखर काही फरक पडतो का, हे मात्र विचारण्यासारखं आहे, आणि त्यावर मानसशास्त्रात जवळपास चाळीस वर्षं प्रयोग होत आहेत.

आधी त्या चौकोनांमागचं काम पाहू. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये या डोक्यातल्या कामाचे चार भाग सांगितले: काय लागणार आहे ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि ठरलेलं झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. यातलं 'ठरवणं' नवरा-बायको बऱ्यापैकी मिळून करतात. पहिलं आणि शेवटचं मात्र मुख्यतः बायकोच्या वाट्याला येतं. शाळा कुठली निवडायची यावर दोघं बोलतात; फॉर्म कधी निघणार आणि भरला का, हे तिच्याच डोक्यात फिरत असतं. हातातल्या कामाचं बोलायचं तर आपल्याकडच्या २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी सुमारे ३०५ मिनिटं वेळ त्यात जातो असं दिसलं. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांची त्यात १४० मिनिटं जातात, पुरुषांची ७४. डोक्यातलं काम या मिनिटांत धरलेलंच नाही, कारण ते भाजी चिरतानाही चालू असतं.

त्यात मेंदूही बदललेला असतो. 'बाळंतपणात बाईची अक्कल दुधात जाते' अशी थट्टा घरोघरी चालते. नेदरलँड्समधल्या एल्सलिन हूकझेमा आणि त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांनी पहिलटकरणींच्या मेंदूचे स्कॅन गर्भधारणेपूर्वी आणि बाळंतपणानंतर घेतले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या काही भागांत, विशेषतः दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याशी संबंधित भागांत, करड्या द्रव्याचं आकारमान घटलेलं दिसलं. हा बदल निदान दोन वर्षं टिकला. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मात्र लक्षणीय घसरण आढळली नाही, आणि ज्यांच्यात बदल जास्त, त्यांची बाळाशी जवळीकही जास्त होती. किशोरवयात मेंदूची अशीच काटछाट होते, आणि तिला कुणी अक्कल गेली म्हणत नाही. (निदान तोंडावर तरी म्हणत नाही.) बाई आई होण्याच्या या संक्रमणाला मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफाएल यांनी १९७३ मध्येच स्वतंत्र नाव दिलं होतं.

मला वाटतं, 'हरवलेली मी परत शोधायची' ही कल्पनाच इथे थोडी अडते. लग्नाआधीची ती मुलगी कपाटाच्या वरच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेली नसते. जी आहे ती नवी आहे, आणि तिची ओळख करून घ्यायला तिला स्वतःलाच सवड मिळालेली नाही.

लिहिण्याच्या प्रयोगांची सुरुवात १९८६ मध्ये टेक्सासात झाली. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार रात्री, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले. बाकीच्यांना आयुष्यातला सगळ्यात त्रासदायक अनुभव लिहायला सांगितलं. त्यातही कुणी फक्त घटना लिहायच्या, कुणी फक्त भावना, कुणी दोन्ही. लिहून उठल्यावर भावनेचं लिहिणाऱ्यांची मनःस्थिती बिघडलेली होती. पण पुढच्या सहा महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे आजारपणासाठी विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. नुसती घटना लिहून हे झालं नाही. आपल्या कॅलेंडरच्या चौकोनांत नेमकं तेवढंच असतं.

१९९९ मध्ये जोशुआ स्मिथ यांच्या गटानं दमा आणि संधिवाताच्या ११२ रुग्णांवर हा प्रयोग केला. तीन दिवस, वीस-वीस मिनिटं. चार महिन्यांनी तणावाच्या अनुभवाबद्दल लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांत डॉक्टरांना महत्त्वाची वाटेल इतकी सुधारणा होती. किरकोळ विषयावर लिहिणाऱ्यांत ती २४ टक्के होती. हे वाचून कुणी औषध बंद करू नये, रुग्णांची नेहमीची औषधं चालूच होती. पुढे जोॲन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये असे १४६ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सरासरी परिणाम खरा, पण लहान निघाला. एखाद्याला बराच फायदा, एखाद्याला शून्य.

आता मात्रेकडे लक्ष द्या. तीन ते चार दिवस. पंधरा ते वीस मिनिटं. बस्स. 'रोज पहाटे उठून तीन पानं लिहा, कृतज्ञतेचे पाच मुद्दे लिहा, रंगीत पेनांनी महिन्याचा आराखडा काढा' हे सगळं या प्रयोगांत नव्हतं, नंतर जोडलं गेलं. ज्या बाईच्या यादीत आधीच सव्वीस कामं आहेत तिला सत्ताविसावं द्यायचं, आणि ते चुकलं की अपराधीपणाचं अठ्ठाविसावं. लागोपाठ चार दिवस, मुलं शाळेत गेल्यावर किंवा रात्री ती झोपल्यावर, एवढं जमण्यासारखं आहे. पाचव्या दिवशी वही बंद झाली तर काही बिघडत नाही.

पण लिहिण्यानं होतं तरी काय? एक धागा मेंदूत सापडतो. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये स्कॅनरमध्ये झोपवलेल्या लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला शब्द द्यायला सांगितलं की धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डाला या भागातली हालचाल कमी व्हायची आणि कपाळामागच्या उजव्या बाजूचा एक भाग जास्त काम करायचा. दुसरा धागा डोक्यातल्या जागेचा. क्लाइन आणि बोल्स या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की कॉलेजात नव्यानं आल्याबद्दलचे मनातले विचार लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांची कार्यस्मृती काही आठवड्यांनी वाढलेली होती. कार्यस्मृती म्हणजे दुधावर लक्ष ठेवत फोनवर बोलत पोराचा पाढा ऐकणारी शक्ती. मनात घोळणाऱ्या गोष्टी तीच जागा अडवतात.

तिसरा धागा मला सगळ्यात रोचक वाटतो. पेनबेकर यांनी पुढे लोकांचं लिखाणच शब्दवार मोजलं. ज्यांना फायदा झाला त्यांच्या पानांत पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' अशा जातीचे शब्द वाढत गेले होते. पहिल्याच दिवसापासून सगळी गोष्ट नीट जुळवून लिहिणाऱ्यांना तितका लाभ नव्हता.

हे जवळून कसं दिसतं ते सांगते. कारेलीबागेतल्या माझ्या एका मैत्रिणीनं तिची चार दिवसांची पानं मला वाचायला दिली, त्यातल्या दोन ओळी इथे लिहायलाही परवानगी दिली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, थोरल्याच्या वेळी लॅबची नोकरी सोडलेली. पहिल्या दिवशीचं पान असं: 'आज पण डबा तसाच परत. भेंडी नको, बटाटा नको, मग करायचं काय. वैताग.' पुढे अर्धं पान भेंडीच. चौथ्या दिवशी: 'डबा परत आला की मला नापास झाल्यासारखं वाटतं, कारण दिवसभरात कुणीतरी तपासतं असं माझं एवढंच एक काम उरलंय. लॅबमध्ये रिपोर्टखाली माझी सही असायची.' भेंडी अजूनही परत येते. पण राग भेंडीचा नाही, हे तिला आता माहीत आहे, आणि सही असलेलं काम पुन्हा कुठे मिळेल याची चौकशी तिनं सुरू केली आहे. एका बाईच्या अनुभवानं काही सिद्ध होत नाही. संशोधक ज्याला मोजतात ते कसं असतं, एवढंच दाखवायचं होतं.

यादीला मात्र मी नावं ठेवणार नाही, तिचा उपयोग वेगळा आहे. मायकल स्कलिन यांच्या गटानं २०१८ मध्ये ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं. उद्या-परवाची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी बारकाईची, तितकी झोप लवकर. हे प्रयोगशाळेत, डोक्याला तारा लावून मोजलेलं आहे. 'मठ भिजत घालायचेत' हे डोक्यात ठेवण्यापेक्षा कागदावर बरं.

लिहिणं कुणाला बाधतं, हेही सांगायला हवं. डेव्हिड स्बारा यांनी २०१३ मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवर हा प्रयोग केला. त्यात जे आधीच 'असं का झालं, माझंच काय चुकलं' हे सतत उगाळणारे होते, त्यांना भावना लिहिल्यानं सावरायला उलट जास्त वेळ लागला. उगाळण्याचा परिणाम आणखी एका योगायोगानं दिसला होता. कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये मोठा भूकंप झाला, त्याच्या दोनच आठवडे आधी सुझन नोलेन-होक्सेमा यांनी विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची नोंद घेतलेली होती. दुःख उगाळण्याची सवय आधीपासून असलेल्यांत भूकंपानंतर नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. म्हणून चौथ्या दिवशीचं पान पहिल्या दिवसासारखंच असेल, तीच वाक्यं, तीच माणसं, तर थांबावं. किंवा बाजू बदलून पाहावी: 'मी' ऐवजी स्वतःचं नाव घेऊन, शेजारीण सांगतेय तसं लिहावं. ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत स्वतःकडे असं जरा लांबून पाहिल्यानं ताण कमी झालेला दिसला आहे.

ताज्या बाळंतिणीला वही देऊन मोकळं होणं तर नकोच. इटलीतल्या अभ्यासांत बाळंतपणानंतर लिहिण्याचा फायदा दिसला, इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. अनेकींना लिहायलाच जमलं नाही, आणि त्यात नवल ते काय. भारतातल्या ३८ अभ्यासांच्या २०१७ मधल्या आढाव्यानुसार सुमारे २२ टक्के बाळंतिणींना प्रसूतीनंतरचं नैराश्य येतं. दोन आठवडे रडू थांबत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टर गाठायचा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

बडोद्यात आणखी एक पेच असतो: लिहायचं कुठल्या भाषेत? सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलींनाही; त्यामुळे इथल्या अनेक घरांत पणजीपासून बायकांच्या हातात पाटी आहे. पण आजच्या आईची शाळा गुजराती, कॉलेज इंग्रजी आणि भांडण मराठीत. हॅरिस, आयचिचेई आणि ग्लीसन यांनी २००३ मध्ये तुर्की मातृभाषेच्या, इंग्रजी जाणणाऱ्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवून त्वचेवरच्या सूक्ष्म घामावरून मनाची खळबळ मोजली. लहानपणी ऐकलेली दटावणी मातृभाषेत आली की खळबळ स्पष्ट जास्त. त्यावरून मी तरी असं म्हणेन की जे लिहिताना फार अंगावर येतं ते गुजरातीत किंवा इंग्रजीत सुरू करावं, आणि जे बोथट वाटतं ते मराठीत लिहून पाहावं. ऱ्हस्व-दीर्घ कुणी तपासणार नाही. व्याकरणाकडे लक्ष देऊ नका, असं या प्रयोगांतही सांगितलं जायचं.

आणि वही ठेवायची कुठे? एकत्र कुटुंबात हा प्रश्न संशोधनापेक्षा मोठा असतो. कुणाच्या हाती लागेल ही धास्ती असेल तर हात खरं लिहीतच नाही. त्यावर पेनबेकर यांचं उत्तर सोपं आहे: लिहा आणि फाडून टाका. पान जपून ठेवण्याची अट कुठेच नाही. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची चार पानं घेतली तरी चालतात. फाडली तर हिशेबाला धक्का लागत नाही.