काळ्या मातीतला पाया आणि ओलीचं नियंत्रण

काळ्या मातीत घर बांधायचं असो, रस्ता करायचा असो की कालवा काढायचा असो, जमिनीतली ओल कशी सांभाळायची हे आधी ठरवावं लागतं, पाया किती खोल आणि स्टील किती हे त्याच्या नंतरचे प्रश्न. ओल सांभाळणं म्हणजे दोन कामं आहेत. पावसाचं, नळाचं, सांडपाण्याचं पाणी पायापाशी मुरू द्यायचं नाही हे पहिलं, आणि पायाखालची माती उन्हाळ्यात खडखडीत वाळू द्यायची नाही हे दुसरं. पहिलं सगळ्यांना माहीत असतं, दुसऱ्याकडे फारसं कोणी बघत नाही, आणि भिंती तडकल्या की दोष सिमेंटला किंवा गवंड्याला दिला जातो.

ही माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूरकडचा भाग, आणि पुढे कर्नाटक, तेलंगणा, मध्य प्रदेश, गुजरातपर्यंत तिचा पट्टा जातो. कापसाला ही माती चांगली कारण ती पाणी धरून ठेवते, आणि बांधकामाला वाईट ती पण त्याच कारणाने. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं, त्याचे अतिशय पातळ थर असतात, पाणी त्या थरांच्या मधे शिरतं आणि थर एकमेकांपासून लांब सरकतात म्हणून माती फुगते, वाळली की परत आकसते. एप्रिल-मे मधे रानात ज्या भेगा पडतात, ज्यात हात जातो, ती ह्याच आकसण्याची खूण, आणि तेच आकसणं घराच्या जोत्याखाली पण चालू असतं फक्त दिसत नाही. ऋतूप्रमाणे ओल बदलते तो वरचा थर साधारण दीड ते साडेतीन मीटर खोलीपर्यंत असतो, त्याच्या खाली ओल बऱ्यापैकी स्थिर.

आता घराचं काय होतं ते नीट बघायला हवं. घर बांधलं की त्याच्या खालची जमीन झाकली जाते, तिथलं बाष्पीभवन थांबतं, त्यामुळे मधली माती हळूहळू ओली होत जाते आणि ओलीच राहते. कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते, उन्हाळ्यात वाळते. म्हणजे पावसाळ्यात कडा वर उचलल्या जातात, उन्हाळ्यात खाली बसतात, आणि काही वर्षांनी मधली फरशी फुगून वर येते. जमीन सगळीकडे सारखी फुगली असती तर घर अख्खं उचललं गेलं असतं आणि फारसं काही बिघडलं नसतं, बिघडतं ते एक कोपरा एका मापाने आणि दुसरा दुसऱ्या मापाने हलतो म्हणून. खिडकीच्या आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, पावसाळ्यात अडकणारं दार, उन्हाळ्यात रुंद होऊन पावसाळ्यात परत मिटणारी चीर, ही सगळी याची लक्षणं. आणि याचा मार जास्त बसतो तो एकमजली, दुमजली हलक्या घरांना, कारण मोठ्या इमारतीचं वजन मातीच्या फुगण्याच्या दाबाला बऱ्याच प्रमाणात दाबून धरतं, छोट्या घराला तेवढं वजनच नसतं. म्हणजे ज्याच्याकडे दुरुस्तीला पैसे कमी त्याच्याच घराला तडे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण निचऱ्याचं काम स्वस्त आहे आणि ते सुरुवातीला केलं तर या माणसाचे नंतरचे बरेच पैसे वाचतात.

जुनी गावठाणं बहुतेक करून पांढरीवर, म्हणजे पांढरट मातीच्या जागेवर, थोड्या उंचवट्यावर वसलेली आणि काळी रानासाठी राखलेली. शहरं वाढली तशी काळी एनए, म्हणजे बिगरशेती, होऊन तिथे प्लॉट पडले, आणि प्लॉट पाडताना रस्ते आखले जातात पण पाणी कुठून येतं नि कुठे जातं हे कोणी आखत नाही, रानातले जुने चर आणि ओघळ बुजवले जातात, मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी नेमकं जोत्याला लागून उभं राहतं.

माती किती फुगणारी आहे ते कळायला एक साधी चाचणी आहे, आयएस २७२० या भारतीय मानकाच्या ४० व्या भागात दिलेली. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली वाळवलेली माती १०-१० ग्रॅम घ्यायची, १०० मिलीच्या दोन नळ्यांमधे टाकायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल, आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलमधे माती फुगत नाही, पाण्यात फुगते, दोघींच्या आकारमानातला फरक टक्क्यात काढला की झाला फ्री स्वेल इंडेक्स. तो ५० च्या वर गेला की सावध व्हायचं, १०० च्या वर गेला तर साध्या उथळ पायाचा विचार सोडलेला बरा.

घराभोवतीच्या निचऱ्यात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे प्लिंथ प्रोटेक्शन. जोत्याला लागून चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला, आणि त्याच्या कडेला पाणी लांब नेणारं पक्कं गटार. बरेच जण तो अर्धा-पाऊण मीटरचा करतात, काळ्या मातीत तो दोन मीटरच्या आसपास पाहिजे, कारण त्याचं काम पाणी बाहेर फेकण्याइतकंच खालची ओल उन्हाळ्यात टिकवण्याचं पण आहे. पट्टा आणि जोतं यांच्या मधला सांधा डांबर किंवा सीलंटने बंद ठेवायचा, नाहीतर सगळं पाणी तिथूनच आत. छपराच्या पागोळ्या पट्ट्यावर पडू न देता पन्हळ आणि पाइपने थेट गटारात. नळाची आणि ड्रेनेजची लाइन जिथे पायातून जाते तिथे जरा हलायला वाव असलेला सांधा हवा, कारण माती हलली की पाइप तुटतो, पाइप गळला की माती अजून फुगते, आणि हे चक्र बाहेरून दिसतच नाही. शोषखड्डा घराला चिकटून अजिबात नको. काळ्या मातीत पाणी तसंही फार हळू मुरतं, त्यामुळे तो खड्डा तुंबून राहतो आणि शेजारचा पाया कायम भिजत राहतो. झाडांचं उलटं, मुळं पाणी ओढून माती वाळवतात, म्हणून झाड जेवढं उंच वाढणार किमान तेवढ्या अंतरावर लावावं, आणि जुनं मोठं झाड पायाजवळ असेल तर बांधकामाच्या तोंडावर ते तोडणंही धोक्याचं, कारण मुळांनी ओढलेलं पाणी जमिनीत परत भरतं आणि माती पुढची काही वर्षं फुगत राहते.

पायाचा खड्डा काळ्या मातीत खणून त्यात जाड मुरूम किंवा वाळू भरायची पद्धत सगळीकडे आहे आणि तिच्यात एक मोठी खोट आहे. भरलेल्या मालातून पाणी सहज जातं, बाजूच्या काळ्या मातीतून जात नाही, म्हणजे खड्डा हा एक हौद होतो आणि पाया त्या हौदात उभा. यावर आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी सीएनएस (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग) थराची कल्पना मांडली, म्हणजे चिकट असलेली पण न फुगणारी माती, योग्य प्रकारचा चिकण मुरूम त्यात बसतो. साधारण एक मीटर जाडीचा असा थर नीट दाबून बसवला तर खालची माती भिजली तरी वर उचल फार कमी पोचते. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यासाठी ही पद्धत वापरली गेली आणि फुगणाऱ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठी आयएस ९४५१ हे मानक आहे.

दुसरा मार्ग अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या, तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबाचा. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच्यावर भारतात मोठं काम केलं. पाइल ओल बदलणाऱ्या थराच्या खाली न्यायचा, निदान साडेतीन मीटर, आणि तळाशी शाफ्टच्या, म्हणजे खांबाच्या सरळ भागाच्या, साधारण अडीच पट व्यासाचा फुगवटा काढायचा म्हणजे माती वर ओढायला लागली तरी पाइल सुटून येत नाही. वरच्या बीमखाली थोडी पोकळी ठेवायची, माती फुगली तर तिथे फुगू दे. पाइल केला म्हणून गटार नको असं मात्र नाही, फरशी अजून मातीवरच असते.

रस्त्याच्या आणि बंधाऱ्याच्या भरावात तत्त्व तेच. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमधे ५० टक्क्यांच्या वर फ्री स्वेल इंडेक्स असलेली माती भरावाला नाकारलेली आहे. पर्यायच नसेल तर चुना मिसळून तिचं फुगणं कमी करता येतं. दाबताना माती वाफशाला आलेली हवी, शेतकरी हातात ढेकूळ घेऊन जे ओळखतो तेच लॅबवाले ऑप्टिमम मॉइश्चर म्हणून मोजतात, काळ्या मातीत त्याहून किंचित ओली चालते, कोरडी दाबलेली मात्र पुढे पाणी पिऊन जास्त फुगते. खणलेला पाया उन्हात आठवडाभर उघडा ठेवायचा नाही, खणला की लगेच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, टाकायचं. रस्त्याच्या कडेचं गटार सबग्रेडच्या, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या दाबलेल्या मातीच्या, खालपर्यंत खोल असायला पाहिजे, उथळ गटारात साचलेलं पाणी कडेने आत शिरतं आणि रस्ता कडेलाच आधी लांब चिरतो.

कोकण आणि गोव्यात प्रश्न वेगळा आहे. तिथे जांभा, त्यातून पाणी सरळ खाली जातं आणि खालच्या चिकण थरावर अडतं, मग उतार घसरतो. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर दरड आली आणि गाडी घसरून ५० हून जास्त माणसं गेली. तेव्हापासून कटिंगचे, म्हणजे डोंगर कापून रूळ नेले तिथले, उतार कमी करणं, जाळ्या बसवणं ही कामं झाली, पण अशा कटिंगचा जीव शेवटी माथ्यावरच्या चरात असतो. वरून येणारं पाणी कड्यावर पोचायच्या आधीच अडवून बाजूला वळवायचं, आणि मेच्या शेवटी तो चर साफ आहे ना हे माणसाने चालत जाऊन बघायचं. रिटेनिंग वॉलची, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंतीची, पाणी जायची भोकं पण त्याच फेरीत मोकळी करायची, ती बुजली की भिंतीला मातीच्या जोडीला मागच्या पाण्याचा पण दाब सोसावा लागतो.

तडे गेलेल्या घरात लगेच प्लास्टर किंवा ग्राउटिंग (भेगेत सिमेंटचं पातळ मिश्रण भरणं) करण्यात अर्थ नाही. आधी गळती शोधायची, पट्टा आणि गटार करायचं, मग भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवून तारीख लिहायची. एक अख्खा पावसाळा आणि पुढचा उन्हाळा ती पट्टी न तुटता राहिली तर भेग भरायला घ्यायची.