वार्धक्य : ख्रिस्ती दृष्टिकोन

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाचे पाचारण, म्हणजे त्याच्या कामासाठी आलेली हाक, माणसाला कोणत्याही वयात येते आणि अखेरच्या श्वासापर्यंत लागू राहते. नोकरी, पद, मिळकत, अंगातली ताकद हे सारे वयाबरोबर सुटत जाते. बाप्तिस्म्याने, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीने, देवाशी जडलेले नाते सुटत नाही. ‘आता माझे काय काम?’ या म्हातारपणीच्या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने दिलेली उत्तरे या भूमिकेतून निघतात. ती सगळी एकसारखी मात्र नाहीत.

बायबलमध्ये अब्राहाम हारान सोडून निघतो तेव्हा ७५ वर्षांचा असतो आणि मोशे मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहतो तेव्हा ८० वर्षांचा. ही उदाहरणे प्रवचनांत नेहमी येतात. ७१ वे स्तोत्र त्यांच्यापेक्षा माणसाच्या अधिक जवळचे आहे. म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस, शक्ती सरत आली असता मला सोडू नकोस, अशी भीती स्तोत्रकर्ता उघडपणे बोलून दाखवतो. पुढे तो देवाकडे मुदत मागतो ती एका कामासाठी : येणाऱ्या पिढीला तुझे सामर्थ्य सांगेपर्यंत मला सोडू नकोस. सांगणे, सोपवणे हे वृद्धांचे काम असल्याची जाणीव इथे स्पष्ट दिसते.

नव्या करारात या विषयाची मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे हन्ना. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात तिला जेमतेम तीन ओव्या मिळाल्या आहेत, तरी तपशील नेमके आहेत. ती फनुएलाची मुलगी, आशेर वंशातली. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला. चौऱ्याऐंशी वर्षांची ही विधवा मंदिर सोडत नसे. रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना चाले. मरीया आणि योसेफ बाळ येशूला मंदिरात आणतात त्या घडीला ती तिथे येते, देवाचे आभार मानते आणि यरुशलेमच्या मुक्तीची वाट पाहणाऱ्या सर्वांना त्या बाळाविषयी सांगू लागते. लूक तिला संदेष्टी म्हणतो. तिच्याआधी शिमोन बाळाला हातांत घेतो आणि प्रभू, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे, असे म्हणतो. कॅथलिक उपासनेत शिमोनाचे हे गीत रोज रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हटले जाते, त्यामुळे तो अधिक परिचित आहे. तरीही वार्धक्याच्या दृष्टीने हन्नेचे चित्र मोलाचे वाटते. शिमोन निरोप घेतो, हन्ना कामाला लागते.

आरंभीच्या मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समुदायाने, या कामाला व्यवस्थेचे रूप दिले होते. नव्या करारातल्या, तीमथ्य या तरुण धर्मसेवकाला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीचा उल्लेख आहे. यादीत नाव घालण्यासाठी वय साठच्या खाली नसावे, आणि त्या बाईने मुले वाढवलेली, परक्यांना घरात थारा दिलेला, पवित्र जनांचे पाय धुतलेले, संकटात सापडलेल्यांना मदत केलेली असावी, अशा अटी होत्या. मंडळी त्यांना आधार देत असे. प्रार्थनेत टिकून राहणे ही खऱ्या विधवेची खूण त्याच पत्रात सांगितली आहे. दुसऱ्या पत्रात तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असे आवर्जून नोंदवले आहे.

पद आणि पाचारण यांतला फरक कॅथलिक चर्चच्या नियमांतही दिसतो. बिशपांनी वयाच्या ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करावा असा नियम आहे; ८० वर्षांवरील कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचे वरिष्ठ धर्माधिकारी, पोपच्या निवडणुकीत मत देत नाहीत. म्हणजे पदाला निवृत्ती आहे, धर्मगुरुपणाला नाही. दोन पोपांनी आपल्या म्हातारपणाचा अर्थ अगदी वेगवेगळा लावला. जॉन पॉल दुसरे यांनी १ ऑक्टोबर १९९९ रोजी, स्वतः ७९ वर्षांचे असताना, जगभरच्या वृद्धांना पत्र लिहिले. पुढे कंपवाताने बोलणे कठीण झाले तरी ते २००५ मध्ये मृत्यूपर्यंत पदावर राहिले. दुबळेपण लोकांसमोर वागवणे ही त्यांची साक्ष ठरली. बेनेडिक्ट सोळावे यांनी ८५ व्या वर्षी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, शक्ती पुरत नाही असे सांगून पद सोडले आणि उरलेली जवळपास दहा वर्षे व्हॅटिकनमधल्या एका मठात प्रार्थनेत काढली. दोन्ही निर्णय श्रद्धेतूनच झाले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिन ठरवला.

पद काढून घेतले गेले तर काय, याचे उत्तर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या जान जुगान यांच्या आयुष्यात आहे. १८३९ च्या हिवाळ्यात त्यांनी एका आंधळ्या, अर्धांगाने जखडलेल्या म्हातारीला घरी आणून स्वतःचा बिछाना दिला. यातूनच निराधार वृद्धांची सेवा करणारा ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. थोड्याच वर्षांत एका धर्मगुरूने त्यांना प्रमुखपदावरून दूर केले. शेवटची २७ वर्षे त्या संघाच्या मुख्य मठात नवशिक्या बहिणींमध्ये राहिल्या. ही साधी म्हातारी संघाची संस्थापिका आहे हे त्या मुलींना माहीत नव्हते. १८७९ मध्ये ८६ व्या वर्षी त्या वारल्या, २००९ मध्ये संत घोषित झाल्या.

महाराष्ट्रात या संदर्भात पंडिता रमाबाईंची अखेरची वर्षे आठवतात. निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचा व्याप सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला वाचता यावे अशी भाषा त्यांना हवी होती. छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून झाली. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. जिच्या हाती संस्था सोपवायची तीच गेल्यावरही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. लक्ष्मीबाई टिळकांनीही वैधव्यात आणि उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, आणि पती नारायण वामन टिळक यांचे अर्धवट राहिलेले, येशूच्या जीवनावरचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य मोठ्या प्रमाणात पुढे नेले.

अशी नावे थोडी. बहुतेकांचे हे काम घरात चालते. गोव्यातल्या कॅथलिक घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली की लहान मुले हात जोडून वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद मागतात. अंथरुणाला खिळलेली आजीही तो देऊ शकते. घरात तिच्याकडे मागण्यासारखे काही आहे, हे रोज सर्वांसमोर मान्य होते.

स्मृतिभ्रंशापुढे मात्र वरची सगळी उत्तरे तोकडी पडतात : जिला स्वतःचे नाव आठवत नाही ती प्रार्थना कशी करणार, साक्ष कशी देणार? स्कॉटलंडमधले धर्मशास्त्रज्ञ जॉन स्विंटन पूर्वी मानसिक आरोग्य क्षेत्रात परिचारक होते. त्यांचे म्हणणे असे की माणूस आपण काय आठवतो यावर टिकून नसतो, देव त्याला आठवतो यावर टिकतो, आणि ही आठवण प्रत्यक्षात जपणे मंडळीचे काम आहे. येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो की तू म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि नको तिथे नेईल. आणि लगेच म्हणतो, माझ्यामागे ये. शुभवर्तमानकार योहान हे वचन पेत्राच्या हौतात्म्याविषयी घेतो. पण ज्याला दुसऱ्याच्या हातून कपडे घालून घ्यावे लागतात, त्यालाही ते हाक मारते. अशा माणसाच्या बिछान्याशी बसून त्याला येणारे गीत गाणे, त्याच्याबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणणे, ख्रिस्तप्रसाद, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर, देणे हे सारे मंडळीने करायचे असते.