गांधीलमाशी परत येते ती वासानं की खुणेनं?

अंगणात मासे साफ करताना गांधीलमाशी येते, एक तुकडा तोडून नेते आणि थोड्या वेळानं परत त्याच जागी हजर, की आपण म्हणतो हिला वास लागलाय. पहिल्यांदा आली तेव्हा ते बरोबर असतं, पण दुसऱ्यांदा बरेचदा ती जागा लक्षात ठेवून आलेली असते, आणि आपण दोन्हीला वासच म्हणतो.

वास वाऱ्यावर येतो, वारा फिरला की माग तुटतो, आणि ताट हलवलं की वासही ताटाबरोबर हलतो. खूण मात्र जागची हलत नाही. पहिला तुकडा घेऊन निघताना माशीकडे नीट बघा, ती लगेच सरळ जात नाही, तोंड परत अन्नाकडे वळवते आणि हवेत डावी-उजवीकडे कमानी काढत मागे मागे, वर वर जाते, तेव्हा ती शेजारची कुंडी, दगड, खांब सगळं डोळ्यांत साठवत असते. पुढच्या फेऱ्यांना हे बघणं कमी होत जातं.

आता ताट उचला. अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात जर्मन गांधीलमाशीवर (मूळची युरोपातली, तिथं बाहेरून आलेली) हेच करून बघितलंय, अन्न काढून घेतलं तरी माशी येऊन रिकाम्या जागेवरच घिरट्या घालते. वासावरच आली असती तर रिकाम्या जागी कशाला आली असती!

मला सगळ्यात आवडतो तो प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांचा प्रयोग, तो अन्नाचा नाही, बिळाचा आहे, पण कसब तेच. १९३० च्या आसपास नेदरलँड्समध्ये त्यांनी मधमाश्या धरणाऱ्या एका जातीच्या गांधीलमाशीच्या बिळाभोवती पाईनच्या सुक्या फळांचं कडं मांडलं, ती शिकारीला गेल्यावर ते बाजूला सरकवलं, तर ती बीळ सोडून कड्याच्या मधोमध उतरली. मग शंका आली की पाईनच्या वासानं आली असेल, तर त्यांनी पाईनच्या तेलाचे पुठ्ठेही ठेवून बघितले. ती गेली फळांकडेच.

आणि गंमत म्हणजे हीच माशी शिकारीत वासावर भरवसा ठेवते. लांबून फक्त हलणारं काहीतरी दिसतं, मग ती दहा-पंधरा सेंटीमीटरवर त्यावरून येणारा वारा आपल्याकडे येईल अशा बाजूला थबकते, मधमाशीचा वास आला तरच झडप घालते.