बातमी पसरणे वेगळे, सवय पसरणे वेगळे

बातमीचा प्रसार सर्वांच्या परिचयाचा आहे. एकाने सांगितले की दुसऱ्याला कळते, आणि दोन गटांत सामाईक ओळखीचा एकच माणूस असला तरी ती पलीकडे पोहोचते. अशा दूरच्या ओळखींतूनच नोकरीची खबर कशी मिळते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

घोटाळा होतो तो हाच नियम सवयीला लावताना. ‘गट जितके मिसळतील तितकी सवय लवकर पसरेल’ हे विधान इतक्या खात्रीने केले जाते की ते तपासून पाहण्याचे कोणाला सुचतही नाही. (सवयीला ‘व्हायरल’ म्हणणे मला त्याच कारणासाठी खटकते, ती उपमा मुळात रोगाची आहे.) जिच्यात खर्च, कष्ट किंवा चारचौघांत हसे होण्याची भीती असते, अशी सवय एका संपर्काने लागत नाही, ती करणारी, आपल्यासारखी वाटणारी अनेक माणसे दिसावी लागतात. एकाच माणसाने दहा वेळा सांगणे आणि दहा जणांनी एकेकदा सांगणे यांत बातमीच्या दृष्टीने काहीच फरक नाही, सवयीच्या दृष्टीने मात्र सगळा फरक तिथेच आहे. पहिल्यात नुसता आग्रह असतो, दुसऱ्यात ही गोष्ट लोक खरोखर करतात याचा पुरावा असतो.

समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १,५२८ जण होते आणि पसरवायची कृती होती आरोग्यविषयक संकेतस्थळावर नोंदणी करण्याची. या लोकांचे आपसांतले संपर्क दोन वेगवेगळ्या रचनांत जोडले होते, पण प्रत्येकाच्या संपर्कांची संख्या दोन्ही रचनांत सारखीच होती. जिथे एखाद्याचे संपर्क आपसांतही एकमेकांशी जोडलेले होते, तिथे सुमारे ५४ टक्क्यांनी नोंदणी केली. जिथे संपर्क सरमिसळ करून दूरवर विखुरले होते, तिथे सुमारे ३८ टक्क्यांनी.

यावरून गट बंदिस्त ठेवावेत असा निष्कर्ष काढणारेही भेटतात, आणि तो तितकाच चुकीचा आहे, कारण पूर्ण तुटलेल्या गटात रुजलेली सवय तिथेच अडकून पडते. दोन गटांमधला पूल रुंद हवा, म्हणजे इकडच्या अनेकांची तिकडच्या अशा अनेकांशी ओळख हवी, जे आपसांतही परिचित आहेत. एकेकट्या ओळखींचे शंभर धागे शंभर वेगवेगळ्या गटांत विखुरले, तर त्यांतून खबर शंभर ठिकाणी पोहोचेल, पण प्रत्येक ठिकाणी ती सवय करणारा ओळखीचा माणूस एकच दिसेल.